पोरगी कायदा शिकते, मग ईमान जाईल का?

एरवी आपण या कार्यक्रमात कर्जाचे हप्ते, काजूगरांचं पॅकिंग, बँकेतली कागदपत्रं असल्या गोष्टी बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. तो आम्हाला आमच्याच एका गटातून मिळाला.

मे महिन्यातली मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, वही लिहून झाली, बाया उठायला लागल्या, पण गटाच्या अध्यक्ष असलेल्या आमच्या खाला तशाच बसून राहिल्या. त्यांची मुलगी शहरात वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी येताना तिने मुस्लिम कायद्याचं पुस्तक आणलं होतं. ते तिच्या मामूंनी चाळलं. त्यात एका प्रकरणाचं नाव होतं, इस्लामी कायदा कसा घडत गेला. मामू म्हणाले, "अल्लाचा कायदा घडतो कसा? तो आहे तसा आहे. पोरीला हे शिकवलं तर तिचं ईमान जाईल. पुढच्या वर्षाची फी भरू नका." फी भरायला गटातूनच कर्ज घ्यायचं ठरलं होतं. खालांनी आम्हाला विचारलं, "बायांनो, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा, असं होतं का?"

आम्ही तिघी सहयोगिनी. दोघी मुसलमान घरातल्या, एक नाही. तिघी बी. ए. झालेल्या, पण वकील एकही नाही. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही त्या मुलीकडून पुस्तक मागून घेतलं, ती सुट्टीत होती तोवर तिच्याजवळ बसून समजून घेतलं, शेजारच्या गावातल्या एका मौलानासाहेबांशीही बोललो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट दोन शब्दांची. शरियत आणि फिकह. आपण दोन्हीला सरसकट शरियतच म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. शरियत या शब्दाचा मूळ अर्थ पाण्याकडे नेणारी वाट. मुसलमान मानतात की ती अल्लाने दाखवलेली वाट आहे, तीत चूक नाही. फिकह म्हणजे समज. ती वाट माणसांना कशी समजली, त्यांनी कुराण आणि हदीस वाचून त्यातून रोजच्या व्यवहाराचे नियम कसे काढले, ते फिकह. हे नियम काढणारी माणसं फार विद्वान होती, परहेजगार होती, पण माणसं होती. एकाला एक समजलं, दुसऱ्याला दुसरं. म्हणून सुन्नी मुसलमानांत चार मजहब झाले. हनफी, मालिकी, शाफई, हंबली. शियांचे वेगळे.

हे पुस्तकी वाटेल, पण आपल्या स्वयंपाकघरात ते रोज दिसतं. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. घाटावरचे बहुतेक हनफी. आमच्या एका गटातल्या ताईंची सून घाटावरून आली. घरात माकूल शिजली की ती जेवायची नाही. सासू म्हणायची, हिला आमच्या हातचं चालत नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं की हनफी मतात समुद्रातलं खाणं म्हणजे मासाच, बाकीचं नाही. शाफई मतात त्याहून बरंच काही चालतं. असरच्या नमाजची वेळही हनफींची उशिरा सुरू होते. सासू आणि सून दोघी मुसलमान, दोघी पाच वेळची नमाज पढणाऱ्या. नियम एकच आणि आकाशातून उतरलेला असता तर हा फरक पडलाच नसता. आता त्या घरात माकूल करायची तेव्हा सुनेसाठी वेगळं बांगड्याचं कालवण होतं. भांडण मिटलं.

आता आपल्या इमाम शाफईंचीच गोष्ट बघा. त्यांचं निधन इसवी सन ८२० मध्ये झालं. ते मदिनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले, नंतर इराकात इमाम अबू हनिफा यांच्या शिष्याकडेही शिकले. म्हणजे तीन मजहबांचे मोठे लोक एकमेकांच्या शाळेतले. इराकात असताना इमाम शाफईंनी काही मतं दिली. शेवटची वर्षं ते इजिप्तमध्ये राहिले, तिथे त्यांनी त्यातली बरीच मतं बदलली. आजही शाफई ग्रंथांत त्यांचं जुनं मत आणि नवं मत अशी वेगळी नोंद असते. मामूंनी विचारलं होतं, कायदा घडतो कसा? तर ज्यांचं नाव आपण आपल्या मजहबाला लावतो त्यांच्या हयातीतच तो असा घडत होता. मौलानासाहेबांनी हे ऐकलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "हे तर मदरशात पहिल्या काही वर्षांतच शिकवतात." आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. बायकांपर्यंत जे येतं ते असं करा आणि असं करू नका, एवढंच येतं. का, कुणी ठरवलं, दुसरं मत आहे का, हे दाराबाहेरच राहतं.

इमाम अबू हनिफा कापडाचे व्यापारी होते, हे ऐकून आमच्या गटातल्या शिलाईवाल्या बायांना फार बरं वाटलं. हे आपलं असंच, जाता जाता.

पूर्वी बायका हे शिकत नव्हत्या असंही नाही. हजरत आएशा तर लोकांनी सांगितलेल्या हदीसा दुरुस्त करायच्या. नमाजीसमोरून बाई, गाढव किंवा कुत्रं गेलं तर नमाज तुटते, असं काही जण सांगत होते. आएशा त्यांना म्हणाल्या की तुम्ही आम्हाला कुत्र्यागाढवांच्या रांगेत बसवलंत, अहो पैगंबर साहेब नमाज पढायचे तेव्हा मी त्यांच्यासमोर आडवी झालेली असायची. हे बुखारीच्या संग्रहात आहे. म्हणजे ऐकलेल्याची तपासणी करायची रीत पहिल्या पिढीपासूनची आहे, आणि ती करणारी एक बाई आहे.

बाराव्या शतकात समरकंदच्या एका फकिहाची मुलगी होती, फातिमा. बापाचा मोठा ग्रंथ तिला तोंडपाठ होता. बापाच्या एका शिष्याने, कासानी त्यांचं नाव, त्या ग्रंथावर विस्तृत टीका लिहिली. चरित्रकार सांगतात की तीच टीका तिचा मेहेर ठरली. दागिने नाहीत, मेहेर म्हणजे पुस्तक! त्या घरातून फतवा बाहेर पडे तेव्हा त्यावर बापाबरोबर मुलीची सही असे, आणि लग्नानंतर नवऱ्याचीही. नवरा चुकला तर ती त्याला दुरुस्त करी असंही लिहिलेलं आहे. खालांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे मामूंना सांगायला हवं."

आता तुम्ही म्हणाल, मदरशात फिकह शिकणं वेगळं आणि कॉलेजात शिकणं वेगळं. खरं आहे. मदरशात विद्यार्थी विचारतो, मी काय करावं? कॉलेजात विचारतात, हा नियम कधी आला, कुठे आला, त्या वेळी लोक कसे राहत होते, न्यायालयाने त्याचं काय केलं? पहिला प्रश्न घरातल्या माणसाचा आहे. दुसरा प्रश्न उंबऱ्याबाहेर उभं राहून घराकडे बघणाऱ्याचा आहे. त्या मुलीला दोन्ही प्रश्न एकाच डोक्यात ठेवायचे आहेत. ती आम्हाला खरं बोलली. म्हणाली, पहिल्या सहामाहीत नमाजला उभी राहिले की पुस्तकातली वाक्यं आठवायची आणि मन लागायचं नाही. म्हणजे मामूंची भीती अगदीच हवेतली नाही. असं होऊ शकतं. म्हणून ज्यांनी हे आधी केलं त्यांनी कसं निभावलं ते बघावं लागतं. त्यातली दोन माणसं आम्हाला महत्त्वाची वाटली. दोघं एकमेकांपासून फार वेगळी.

एक आपल्याच महाराष्ट्रातले. आसफ अली असगर फैजी. १८९९ मध्ये माथेरानला जन्म. घराणं सुलेमानी बोहरा. मुंबईत शिकले, केंब्रिजला जाऊन अरबी-फारसीचा अभ्यास केला, बॅरिस्टर झाले, मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. पुढे मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक १९४९ मध्ये निघालं आणि आजही वकिलीच्या मुलांना ते वाचावं लागतं. मामूंनी चाळलं ते पुस्तक त्यांचं नव्हतं, पण त्यातही पानोपानी त्यांचं नाव येतं. फैजींनी नुसती कोर्टकचेरी केली नाही. इस्माइली पंथाचा सर्वांत मोठा जुना कायदेग्रंथ, काझी नुअमान यांचा, हस्तलिखितांवरून शुद्ध करून कैरोत छापून आणला. हे काम वर्षानुवर्षं डोळे फोडायचं. आपल्या श्रद्धेवर प्रेम नसलेला माणूस ते कशाला करेल? घराण्यात आलेली हस्तलिखितं त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली, म्हणजे कुणालाही वाचता यावीत.

१९६३ मध्ये त्यांचं दुसरं पुस्तक आलं, आजच्या काळात इस्लामकडे कसं बघावं यावर. त्यात ते म्हणतात की धर्म आणि कायदा वेगळे करून बघा. अल्लावरची श्रद्धा, सचोटी, दया हे धर्माचं मर्म. ते बदलत नाही. कायदा समाजाबरोबर बदलत आला आहे, त्याचा अभ्यास इतिहासासारखा करा. हे मत अनेक आलिमांना पटलं नाही, आजही पटत नाही. ते म्हणतात, इस्लाममध्ये जगण्याचे नियम हाही धर्माचाच भाग आहे, तो असा कापून वेगळा काढता येत नाही. आमच्या मौलानासाहेबांचंही तेच म्हणणं पडलं. पण एक मान्य केलं त्यांनी, की फैजींना मुसलमान नाही असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

दुसरे मुहम्मद मुस्तफा आजमी. उत्तर प्रदेशातल्या मऊ गावचे, १९३० चा जन्म. देवबंदला शिकले, मग कैरोला अल-अजहरमध्ये, आणि मग थेट केंब्रिजला. १९६६ मध्ये तिथून डॉक्टर झाले. त्या काळात जोसेफ शाख्त नावाच्या युरोपीय प्राध्यापकांचा दबदबा होता. त्यांनी १९५० मध्ये पुस्तक लिहून मांडलं होतं की कायद्यासंबंधीच्या बहुतेक हदीसा पैगंबर साहेबांच्या नाहीत, नंतरच्या लोकांनी तयार करून त्यांच्या नावावर घातल्या. श्रद्धाळू माणसाला हे वाचून काय वाटेल! आजमींनी पुस्तक मिटून बाजूला टाकलं नाही. त्यांनी जुनी हस्तलिखितं काढली, हदीसा सुरुवातीपासून लिहून ठेवल्या जात होत्या याचे दाखले गोळा केले, आणि शाख्त यांना त्यांच्याच पद्धतीने, पुराव्याला पुरावा लावून उत्तर दिलं. सगळ्या प्राध्यापकांना ते पटलं असं नाही. तो वाद अजून चालू आहे. पण देवबंदला शिकलेला माणूस केंब्रिजला गेला, सर्वांत कठीण प्रश्नाला सामोरा गेला आणि नमाजी मुसलमान म्हणून परत आला, हे तर झालंच.

म्हणजे बघा, शिकून फैजींनी बरंच नवं म्हटलं, आजमींनी जुन्याची बाजू मांडली. अभ्यासाने दोघांचं एकच झालं नाही. तुमची पोरगी कुठे पोचेल ते आधी सांगता येत नाही, हे आम्ही खालांना स्पष्ट सांगितलं. खोटा दिलासा दिला नाही.

मामूंचं आणखी एक म्हणणं होतं, कोर्टात चालतो तोच आपला शरियतचा कायदा, तो पाठ केला की झालं, बाकी खोदकाम कशाला. तर कोर्टातला कायदा कुठून आला तेही ऐका. इंग्रज आले, त्यांना मुसलमानांचे तंटे सोडवायचे होते. हिदाया नावाचा हनफी ग्रंथ अरबीत आहे. तो आधी फारसीत नेला आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टन या साहेबाने १७९१ मध्ये इंग्रजी केला. भाषांतराचं भाषांतर, आणि त्यावर निकाल. हजारो पानांच्या फिकहमधली एकदोन पुस्तकं तेवढी कोर्टात गेली. आणि गंमत म्हणजे ज्यांचं मुस्लिम कायद्याचं पुस्तक वकिलांच्या टेबलावर कायम असतं ते मुल्ला कुणी मौलवी नव्हेत, मुंबईचे पारशी, दिनशा मुल्ला. पुस्तक चांगलंच आहे, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य अल्लाचं आहे असं समजून बाईला गप्प बसवू नये.

शेतजमिनीचंच घ्या. किती घरांत ऐकलंय आपण, "जमिनीत मुलीला वाटा नाही, शरियतच तशी आहे." अहो, कुराणात मुलीचा वाटा स्पष्ट सांगितलाय, मुलाच्या निम्मा, आणि जमीन वेगळी आणि भांडी वेगळी असं तिथे काही नाही. शेतजमीन वगळली ती १९३७ च्या शरियत लागू करण्याच्या कायद्यात, इंग्रजी राज्यातल्या कायदेमंडळाने. म्हणजे ज्याला धर्म म्हणतो तो इथे सरकारी कलम निघाला, आणि कलमाच्या आडून गावची जुनी चाल. हे वाचल्याशिवाय कळत नाही.

तुम्हीच विचाराल, तो निम्मा वाटा तरी का? तो तर फकिहांनी काढलेला नाही, थेट कुराणात आहे. हा प्रश्न आम्ही त्या मुलीला विचारला. ती म्हणाली, वर्गात मलाही हेच विचारतात आणि मला सोपं उत्तर देता येत नाही. काही आलिम म्हणतात, बायकोमुलांचा खर्च पुरुषावर आहे, बाईवर नाही, म्हणून हिशोब बरोबर बसतो. काही अभ्यासक म्हणतात, आज बाई घर चालवते तेव्हा हिशोब पुन्हा मांडा. ती स्वतः म्हणाली, मी आयत मानते, आणि कायद्याने जे शक्य आहे ते आईला सांगते. जे शक्य आहे ते म्हणजे हिबा. मुसलमान माणूस हयातीत आपल्या मालमत्तेतलं काहीही कुणालाही बक्षीस देऊ शकतो, मुलीलासुद्धा. त्याला वाटणीचं प्रमाण लागत नाही. देतो असं सांगणं, घेते असं म्हणणं आणि ताबा प्रत्यक्ष देणं, या तीन गोष्टी मात्र हव्यात. नुसतं तोंडी सांगून चावी आपल्याकडेच ठेवली तर हिबा पुरा होत नाही. मृत्युपत्राचं वेगळं आहे. त्याला एकतृतीयांशाची मर्यादा आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं आमच्यासाठी पुस्तकापुरतं राहिलं नाही, ती सांगतो. आमच्या प्रभागात एक बाई आहे. नाव, गाव सांगत नाही. नवरा आखातात कामाला गेला. पहिली दोन वर्षं पैसे आले, फोन आले. मग फोन बंद. पाच वर्षं झाली, तो जिवंत आहे की नाही कुणाला माहीत नाही. दीर म्हणतात थांब. ती थांबली. दुसरं लग्न नाही, सुटका नाही, त्या घरात हक्क नाही, माहेरी जागा नाही. कुणीतरी तिला सांगितलं होतं, शरियतमध्ये नव्वद वर्षं वाट बघावी लागते. ती हसत हसत आम्हाला सांगायची, "अजून पंच्याऐंशी राहिली."

हे नव्वद वर्षांचं कुठून आलं? जुन्या हनफी मतात बेपत्ता नवऱ्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तो जिवंतच धरायचा. इंग्रजी कोर्टांनी हनफी मत तेवढं धरलं. तेव्हा पंजाबकडच्या काही बायकांनी जुलमी किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटायला एक भयंकर वाट काढली. धर्म सोडला की निकाह तुटतो, म्हणून त्या धर्मच सोडू लागल्या. ही बातमी मौलाना अशरफ अली थानवी यांना फार लागली. थानवी म्हणजे पक्के हनफी, देवबंदचे, जुन्या वळणाचे. त्यांना कुणी सुधारक म्हणणार नाही. त्यांनी काय केलं? दुसऱ्या मजहबाची पुस्तकं उघडली. मालिकी मतात बेपत्ता नवऱ्याच्या बाईला चार वर्षांची मुदत आहे. थानवींनी मदिनेच्या मालिकी आलिमांना पत्रं लिहून बारीकसारीक विचारून घेतलं आणि १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत पुस्तकच काढलं, असहाय बायकांच्या सुटकेच्या वाटेवर. गरज पडली की हनफी बाईलाही मालिकी मत लावता येतं, असं त्यात मांडलं.

त्यातूनच पुढे मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ आला. कायद्याचं विधेयक मांडताना कारण म्हणून हेच लिहिलंय की त्रास होत असेल तिथे दुसऱ्या मजहबाचा नियम घ्यायला हनफी विद्वानांचीच परवानगी आहे. काही उलेमा नंतर नाराजही झाले, कारण निकाल मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा ही त्यांची अट कायद्यात राहिली नाही. तरी बायांना वाट मिळाली. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, सात वर्षं किंवा जास्त कैद झाली असेल, छळ करत असेल, अशा कारणांनी बाई न्यायालयात निकाह रद्द करून मागू शकते. मेहेरावरचा हक्क त्यामुळे जात नाही.

आमच्या त्या बाईला हे कुणी सांगितलं? खालांच्या पोरीने. सुट्टीत एके दुपारी ओट्यावर बसून, ज्या पुस्तकामुळे मामू चिडले होते तेच पुस्तक मांडीवर घेऊन तिने कलम वाचून दाखवलं. बाईने पहिला प्रश्न कायद्याचा विचारला नाही. विचारलं, "मला गुनाह लागेल का?" बघा मैत्रिणींनो, नुसत्या वकिलाने सांगितलं असतं, कायदा आहे, अर्ज करा. पण तिला तेवढ्याने भागत नव्हतं. आणि नुसत्या श्रद्धाळू शेजारणीला कलम माहीत नव्हतं. पोरीने तिला थानवींची गोष्ट सांगितली, मालिकी मत सांगितलं, म्हणाली, "खाला, ही सूट सरकारने धर्म मोडून दिलेली नाही, आलिमांनी धर्मातूनच शोधली." तेव्हा ती बाई रडली.

व्यवहाराचं थोडं सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत अशा आणखी बाया असतील. अशा अर्जात, नवरा वारला असता तर त्याचे वारस कोण ठरले असते त्यांची नावं, पत्ते द्यावे लागतात. नवऱ्याचा चुलता आणि भाऊ असतील तर त्यांनाही पक्षकार करावं लागतं. न्यायालयाने निकाल दिला की तो लगेच लागू होत नाही, सहा महिने थांबावं लागतं. त्या मुदतीत नवरा हजर झाला आणि नांदवायला तयार आहे अशी त्याने न्यायालयाची खात्री पटवली तर निकाल रद्द होतो. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जायचं. पासपोर्टची झेरॉक्स, जुनी पैसे पाठवल्याची पावती, शेवटची चिठ्ठी, बंद झालेला फोन नंबर, जे असेल ते जपून ठेवा.

आणि निकाह व्हायच्या आधीची एक गोष्ट. निकाह हा करार आहे, करारात अटी घालता येतात. अमुक घडलं तर तलाकचा अधिकार बायकोला, असं नवऱ्याने आधीच लिहून देता येतं, त्याला तफवीज म्हणतात. फैजींच्या पुस्तकात यावर सविस्तर आहे. आपल्याकडे निकाहनाम्यात अटींची जागा असली तरी तिथे आडवी रेघ मारतात. मेहेरचा आकडा तेवढा जोरात वाचतात.

कोकणातल्या बायांना आवडेल असा एक जुना निकालही त्या पुस्तकात सापडला, मुंबई उच्च न्यायालयाचा, १८६४ चा. शाफई मतात मुलीच्या निकाहला वली लागतो, बापाची संमती हवी. हनफी मतात वयात आलेली मुलगी स्वतः निकाह करू शकते. एका शाफई घरातल्या वयात आलेल्या मुलीने आपण हनफी मत घेतलं असं सांगून बापाच्या संमतीशिवाय निकाह केला. प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टाने निकाह कायम केला. दीडशेच्या वर वर्षं झाली या गोष्टीला. पळून जा असं आम्ही सांगत नाही, लगेच फोन करून ओरडू नका. सांगायचं एवढंच की त्या पोरीला दोन मतांतला फरक माहीत होता, आणि ती मुसलमान म्हणूनच कोर्टात उभी होती.

मामूंशी आम्ही दोनदा बोललो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. दुसऱ्यांदा मौलानासाहेब बरोबर होते. मामू म्हणाले, "शिकू दे, पण नमाज सुटता कामा नये, आणि शहरात कुणा आलिमाकडूनही तिने शिकावं, नुसतं कॉलेजातल्या मास्तरांकडून नको." आम्हाला वाटलं पोरगी चिडेल. ती म्हणाली, मला तेच हवंय, अरबी येत नाही म्हणून मी अडतेच आहे. आता ती शहरात एका बाईंकडे आठवड्यातून दोन दिवस अरबी शिकायला जाते. कॉलेजातल्या तिच्या दोन मैत्रिणी, एक हिंदू आणि एक बौद्ध, तिच्याबरोबर बसतात, त्यांनाही परीक्षेला तोच पेपर आहे.

गटाने कर्ज मंजूर केलं. अठरा हजार, दोन टक्क्यांनी. व्याजाचं काय, असं एका बाईने हळूच विचारलंच. त्यावरही आलिमांत मतं आहेत, तो वेगळ्या दिवसाचा विषय. त्या दुसऱ्या बाईचा अर्ज दाखल झाला आहे. दिरांना नोटीस गेली, ते आधी रागावले, मग मोठा दीर स्वतः येऊन भावाच्या पासपोर्टची प्रत देऊन गेला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.